आधी हेल्मेट, मग ध्यान

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाची योजना आखली, तेव्हापासून नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला एक ठरीव रूप आले. त्यात आरोग्यावरचे एक व्याख्यान बहुधा असतेच. भरपूर पाणी प्या, आठ तास झोपा, मोबाइल बाजूला ठेवा, प्राणायाम करा, चांगले विचार करा. यातले एकही वाक्य चुकीचे नाही. पण हे व्याख्यान बंगळुरात चालते, बोस्टनमध्ये चालते आणि जबलपुरातही जसेच्या तसे चालते, हीच त्याची गोम आहे. ऐकणारा कुठून आला, दुपारी काय जेवतो, कशावर बसून कॉलेजात येतो, त्याच्या रक्तात काय कमी आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. अठरा ते पंचवीस या वयात माणसाला खरोखर आडवे पाडणाऱ्या गोष्टी त्या यादीत तळाशी असतात, नाहीतर नसतातच. विद्यार्थ्यांना आरोग्याबद्दल जे काही सांगितले जाते त्याबद्दल माझी मुख्य तक्रार क्रमाची आहे, आणि क्रम गावावरून ठरवायला हवा. म्हणून इथे गाव एकच घेतले आहे.

मराठी वाचकाला जबलपूर आठवते ते भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमुळे. फार तर १८१७ पर्यंत तिथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, हे कुणाला ठाऊक असते. प्रत्यक्षात ते विद्यार्थ्यांचे शहर आहे. पचपेढीला १९५६ चे विद्यापीठ, जे १९८३ पासून राणी दुर्गावतीचे नाव लावते. आधारतालला १९६४ चे जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ. रांझीकडे १९४७ चे अभियांत्रिकी महाविद्यालय. नागपूर रस्त्यावर १९५५ चे वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सगळे गाव नुसते ‘मेडिकल’ म्हणते. डुमना रस्त्याला ट्रिपल आयटी. शिवाय पशुवैद्यकाचे, वैद्यकशास्त्राचे आणि कायद्याचे अशी आणखी तीन विद्यापीठे. मंडला, डिंडोरी, कटनी, नरसिंहपूर, शिवनी, बालाघाट इथली मुले इथे येतात. बालाघाटवरून जाणारी छोटी रेल्वे ब्रॉडगेज झाल्यापासून गोंदियाकडच्या लोकांनाही जबलपूर जवळ आले आहे. घर सोडून पहिल्यांदाच राहणारा हा मुलगा किंवा मुलगी बालरोगतज्ज्ञाच्या हातून सुटलेली असते, आईच्या नजरेतून सुटलेली असते, आणि दुसऱ्या कुणाच्याच वहीत अजून चढलेली नसते.

यादीत पहिली गोष्ट हवी ती हेल्मेट. आरोग्याच्या व्याख्यानात हेल्मेटचे काय काम, असे वाटत असेल तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल पाहावा. त्या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातली होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण गेले, आणि त्यात १४,३३७ जण मागे बसलेले होते. अपघातांच्या संख्येत मध्य प्रदेश देशात दुसरा होता. विशीतल्या मुलाला मधुमेहाची भीती घालणारे व्याख्याते हा आकडा का सांगत नाहीत, हे मला कळलेले नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती करते. पण मैत्रिणीला किंवा रूममेटला मागे बसवताना दुसरे हेल्मेट काढणारा विद्यार्थी विरळा. आणखी एक गोष्ट पालकांना ठाऊक हवी: मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजना लागू आहे. जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलीस छळतील ही जुनी भीतीही २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यापुरती तरी संपवली आहे.

याला लागूनच नदी. ग्वारीघाट, तिलवारा, लम्हेटा, भेडाघाट ही मुलांची संध्याकाळची ठिकाणे. वरच्या अंगाला बरगीचे धरण आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडले की घाटावरचे पाणी आभाळ कोरडे असतानाही चढते. पोहता येते एवढ्यावर नर्मदेत उतरू नये, हा सल्ला जबलपुरात प्राणायामाच्या आधी यायला हवा.

आता रक्त. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, मध्य प्रदेशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे वर्गातल्या दोन मुलींपैकी एक. तिला चक्कर येते, जिना चढताना धाप लागते, पुस्तक उघडले की डोळे मिटतात. आणि तिला सांगितले जाते की मन एकाग्र कर, वेळेचे नियोजन शीक. जिचे हिमोग्लोबिन आठ-नऊवर आहे तिच्यापुढे एकाग्रतेवर बोलणे हा अन्याय आहे. बाईचे बाराच्या खाली आणि पुरुषाचे तेराच्या खाली गेले की रक्तक्षय, एवढे साधे गणित. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, लोहाच्या गोळ्याही तिथेच मिळतात. गोळी घेतल्यावर तासभर चहा नको, लिंबू किंवा आवळा चालेल, कारण चहा लोह शोषू देत नाही आणि क जीवनसत्त्व त्याला मदत करते. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली सवय या बाबतीत अगदी शहाणी आहे. त्याच पोह्यांबरोबर चहा घेण्याची तेवढीच वाईट.

पण इथे एक मेख आहे आणि ती खास या मुलखाची आहे. मंडला-डिंडोरीच्या आदिवासी पट्ट्यातून आलेल्या मुलाच्या रक्तक्षयामागे नुसती लोहाची कमतरता असेलच असे नाही. सिकलसेल असू शकते. आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था जबलपुरातच आहे, १९८४ पासून. सिकलसेल हा तिचा जुना विषय. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी याच राज्यातल्या शहडोलमधून सुरू झाली आणि तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या माणसांची चाचणी करायची आहे. म्हणजे विद्यापीठातले जवळजवळ सगळे त्यात बसतात. सुई टोचून काढलेल्या रक्ताच्या एका थेंबाची प्राथमिक चाचणी आणि ती होकारार्थी आली तर पुढची पक्की चाचणी. ज्याला आजार आहे त्याला पाणी कमी पडणे, थंडीचा कडाका, अंगमेहनतीचा अतिरेक यांनी हाडांत असह्य कळा येतात. त्या कळांनी बिछान्यात पडलेल्या मुलाला हजेरी भरत नाही म्हणून कामचोर ठरवले जाते. हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधाने हे झटके कमी होतात. ज्याच्यात फक्त वाहकपण आहे त्याची तब्येत सहसा ठणठणीत असते, पण लग्न ठरवताना त्याने आणि तिने दोघांनी आपापला अहवाल पाहिलेला असावा. विदर्भातल्या वाचकांना हे नवे नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियात हेच दुखणे आहे. मग विद्यापीठाच्या प्रवेश अर्जाबरोबर रक्तगट विचारतात, तसे ही चाचणी झाली आहे का एवढे विचारायला काय हरकत आहे? सक्ती नको, आणि निकाल ऑफिसच्या फायलीत तर मुळीच नको.

खाण्याबद्दल सगळ्यात जास्त बोलले जाते आणि त्यातले निम्मे बोलणे वाया जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबादच्या पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये सतरा कलमांची आहार मार्गदर्शिका काढली. तिच्या अंदाजाप्रमाणे देशातल्या ५६.४ टक्के रोगभाराचे मूळ चुकीच्या आहारात आहे. मार्गदर्शिका चांगली आहे. पण ती वाचून मेसवाला भाजी बदलत नाही. आपल्याकडे गरीब विद्यार्थी पूर्वी वार लावून जेवायचे: सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्यात अपमान होता, जातीचे काटे होते, पण ताटात जे पडे ते निदान घरचे असे. आजचा टिफिन महिन्याच्या ठरावीक रकमेत बसवायचा असतो, म्हणून त्यात बटाटा वाढतो, डाळ पातळ होते आणि पोट पोळीने भरते. कमी पडतात ती प्रथिने.

आणि इथे जबलपूरची गंमत आहे. भारतात सोयाबीन शेतात रुजवण्याचे काम साठीच्या दशकात ज्या दोन कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने केले, त्यांतले एक पंतनगर आणि दुसरे आधारतालचे हे विद्यापीठ. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘तीनशे पस्तीस’ म्हणून बसलेले जेएस ३३५ हे वाण याच विद्यापीठाचे. त्यातला जे म्हणजे जवाहर. एवढे सोयाबीन पिकवणाऱ्या राज्यातला विद्यार्थी व्यायामशाळेत नाव घातले की पहिल्यांदा हजारो रुपयांचा प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणतो. पोषण संस्थेची मार्गदर्शिका या पावडरी टाळा असे स्पष्ट सांगते. साधारण माणसाला दर किलो वजनामागे एका ग्रॅमहून थोडी कमीच प्रथिने लागतात. साठ किलोच्या मुलाला पन्नासेक ग्रॅम. ती फुटाणे, सोयावड्या, अंडी, दही आणि जरा घट्ट वरण यांत भागतात. हिवाळ्यात जबलपूरचा मटार स्वस्त होतो तेव्हा तर नक्कीच. डिंडोरीची कोदो-कुटकी आता शहरात महाग पाकिटांतून मिळते. गावाकडून येणाऱ्या मुलाने ती पिशवीत घालून आणावी. खोव्याच्या जिलेबीबद्दल मी काही बोलणार नाही. जबलपुरात राहून ती न खाणे हे आरोग्याचे नव्हे, हट्टाचे लक्षण आहे. रोज मात्र नको.

नळपाण्याच्या आणि याच जेवणाच्या वाटेने कावीळ आणि टायफॉइड येतात. ताप आला की कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये विडाल चाचणी, ‘टायफॉइड निकला’ हा निकाल आणि हातात प्रतिजैविकांची पट्टी, हे चक्र मध्य भारतातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी पाहिलेले असते. एकट्या विडालवर टायफॉइड ठरत नाही. रक्ताचे कल्चर हा खात्रीचा मार्ग. पावसाळ्यानंतरचा ताप डेंग्यूचा असू शकतो, आणि त्यात अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेतले तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटॅमॉल तेवढे चालते. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि विद्यार्थ्यांच्या खोलीत असे पाणी असण्याची हमखास जागा म्हणजे खिडकीतला कूलर. मे-जूनमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा त्याच्याशिवाय निभत नाही. पाऊस सुरू झाला की तो विसरला जातो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून पुसली की काम झाले. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला मात्र औषधाच्या दुकानात नेऊ नये, सरकारी दवाखान्यात न्यावा. क्षयाची तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे.

तंबाखूवर फार लिहीत नाही. मध्य प्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये, महाराष्ट्राच्याही आधी, गुटख्यावर बंदी घातली. मग पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत असा जोडधंदा सुरू झाला. शिक्षणसंस्थेच्या शंभर यार्डांत तंबाखू विकू नये हा २००३ चा कायदा आहे. फाटकावर उभे राहून कुणीही मोजून पाहावे.

झोपेचा सल्ला सगळ्यांनाच तोंडपाठ आहे. या वयात सात ते नऊ तास हवेत. विशीच्या आसपास शरीराचे घड्याळच उशिराकडे सरकते, त्यामुळे रात्री दोनला झोपणारा प्रत्येक जण उनाड नसतो. आणि वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेत. कॉफीतल्या कॅफीनपैकी निम्मे पाच-सहा तासांनंतरही रक्तात असते, त्यामुळे रात्री नऊची कॉफी पहाटेपर्यंत पुरते. इतके सांगून झाले की प्रश्न उरतो तो वेळापत्रकाचा. जो झोपायला तयार आहे त्याला झोपू दिले जाते का? याचे सगळ्यात जळजळीत उदाहरण वैद्यकीय विद्यार्थी आहेत, म्हणजे जे इतरांना आरोग्य शिकवणार तेच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यासाठी घेतलेल्या ऑनलाइन पाहणीत पंचवीस हजारांहून जास्त एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली, २७.८ टक्के जणांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले. पाहणी स्वेच्छेची होती, त्यामुळे त्रास असणारे जास्त पुढे आले असतील, हे धरूनही आकडा लहान नाही. कृतिदलाने निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको, आठवड्याला एक सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप, अशी शिफारस केली. गंमत म्हणजे केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत ही मर्यादा आठवड्याला ४८ तास आणि सलग बारा तास अशी लिहिलेली होती. तीस वर्षांत आदर्शच सव्वीस तासांनी खाली आला, आणि वस्तुस्थिती त्याच्याही खाली असल्याशिवाय अशी शिफारस करावी लागत नाही.

ज्या विषयावर व्याख्याते खाकरून पुढे जातात तो म्हणजे लैंगिक आरोग्य. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ ते १९५३ असे चालवले, त्यापायी खटले सोसले. स्वतः गणिताचे प्राध्यापक असलेल्या माणसाने जे तेव्हा मराठीत छापले ते आजही कॉलेजच्या सभागृहात हिंदीत, मराठीत, कुठल्याच भाषेत मोकळेपणाने बोलले जात नाही. म्हणून काही गोष्टी नुसत्या नोंदवतो. असुरक्षित संबंधानंतरची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी चांगली, आणि ती नेहमीचे साधन नव्हे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस लहान वयात घेतलेली उत्तम, पण २६ व्या वर्षापर्यंत घेता येते. सिरमची देशी लस आल्यापासून ती थोडी स्वस्त झाली आहे. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालाने अविवाहित स्त्रीला विवाहितेइतकाच हक्क दिला. अठरा पूर्ण झालेल्या मुलीला आईवडिलांची किंवा मित्राची सही लागत नाही, आणि तिचे नाव फोडणे हा डॉक्टरचा गुन्हा आहे. जबलपुरात स्त्रियांसाठी सरकारी एल्गिन रुग्णालय आहे. पाळी तीन-तीन महिने येत नसेल किंवा दर वेळी असह्य दुखत असेल तर इंटरनेटवर आसने शोधण्याआधी तिथे जावे.

मनाचा विषय मी शेवटी ठेवला, तो महत्त्व कमी म्हणून नव्हे. इतर सगळे बिघडले की शेवटी ते मनावर येऊन साचते म्हणून. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. महाराष्ट्र पहिला, १,७६४. मध्य प्रदेश तिसरा, १,३४०. म्हणजे या लेखात ज्या दोन राज्यांचे नाव येते ती दोन्ही या यादीत वरच आहेत. यावर कृतज्ञतेची डायरी लिहा, आवडते संगीत ऐका, असे सांगणे हे हाड मोडलेल्याला चाल सुधारायला सांगण्यासारखे आहे. दोन आठवडे सलग झोप उडणे, भूक मरणे, आवडत्या गोष्टीतही मन न लागणे, आपण सगळ्यांवर ओझे आहोत असे वाटणे, ही नैराश्याची लक्षणे आहेत; त्यावर डॉक्टर असतो, औषध असते, बोलून करायचे उपचार असतात, आणि बहुतेकांना त्यांनी बरे वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या प्रश्नात दोनदा हात घातला. २४ मार्चला निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. २५ जुलैला, विशाखापट्टणमच्या एका नीटच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी सूचना घालून दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवे, मदतीचे क्रमांक वर्गांत आणि वसतिगृहांत ठळक लावलेले हवेत. चांगलेच आहे. पण शंभराला एक आणि दहा हजारांनाही ‘निदान एक’, अशी पळवाट त्यात दिसते. शिवाय समुपदेशक कार्यालयीन वेळेत बसणार आणि विद्यार्थ्याचे बिनसते ते रात्री. समुपदेशकाच्या खोलीत काय बोललो ते विभागप्रमुखापर्यंत पोचणार नाही, ही खात्री नसेल तर ती खोली रिकामीच राहील. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा अशी गोपनीयता हक्क म्हणून देतो, आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला गुन्हेगार न मानता उपचार द्यायला सांगतो. हे दोन्ही मुलांना कुणी वाचून दाखवलेले नसते.

पालकांनी प्रवेशाच्या दिवशी फी, वसतिगृह आणि प्लेसमेंट विचारून झाल्यावर समुपदेशक कोणत्या वारी बसतो आणि नोंदी कुणाकडे असतात, हेही विचारावे. राज्यातल्या जिल्हा रुग्णालयांत ‘मनकक्ष’ आहेत; जबलपूरचे जिल्हा रुग्णालय म्हणजे लोक ज्याला अजून व्हिक्टोरिया म्हणतात ते. मेडिकलला मानसोपचार विभाग आहे. आणि मध्यरात्रीसाठी टेलिमानस: १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, फुकट. फोन लागला की भाषा निवडता येते. त्यांत मराठीही आहे.